उद्यमबागेत घडलेली झुलती चाळण: कुर्मगडच्या वाळूवर दोन हंगाम

बेटाच्या किनाऱ्यावरचा प्लास्टिक कचरा वेगळा काढण्याच्या एका अवजाराबद्दल हे लिहितो आहे. त्याला नाव नाही, छाप नाही आणि त्याची जाहिरातही कुठे होत नाही. बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका लहान फॅब्रिकेशन वर्कशॉपमध्ये ते आमच्या सांगण्यावरून तयार झाले आणि आता मागणीप्रमाणे कोणालाही करून मिळते. गेले दोन हंगाम आम्ही ते कारवारजवळच्या कुर्मगड बेटावर आणि काळी नदीच्या मुखाशी असलेल्या देवबागच्या किनाऱ्यावर वापरले. घाटमाथ्यावर राहणाऱ्या माणसांनी किनाऱ्यावरच्या अवजाराची पारख करावी याचे काहींना नवल वाटेल, म्हणून आधीच सांगतो की आपल्या बेळगाव जिल्ह्याचे पाणी दोन्ही समुद्रांना जाते. खानापूर तालुक्यात कणकुंबीला उगम पावणारी मलप्रभा पूर्वेकडे वाहत कृष्णेला मिळते, तर त्याच तालुक्यात भीमगडच्या जंगलाकडून निघणारी म्हादई पश्चिमेकडे उतरते आणि मांडवी या नावाने पणजीजवळ अरबी समुद्रात शिरते. खानापूरच्या ओढ्यात टाकलेली पिशवी शेवटी कुठे जाते, हा प्रश्न आम्हाला कधी परका वाटला नाही.

पहिली दोन वर्षे आम्ही इतर सगळे करतात तेच करत होतो. पहाटे बेळगावहून निघायचे, रामनगर, जोयडा आणि अणशी घाट करत कारवारला उतरायचे, कोडीबागहून होडी करून बेट गाठायचे, हातमोजे घालून दिसेल ते गोणीत भरायचे आणि संध्याकाळी गोण्या मोजून परत फिरायचे. बाटल्या, चपला, थर्माकोलचे तुकडे, दोरखंड, जाळ्यांचे गुंते असे काय काय मिळे. दुपारपर्यंत वाळूचा तो लहानसा पट्टा होडीतून पाहिला तर स्वच्छ दिसत असे, आणि तेवढ्यावर आमचे समाधान होत असे. अशाच एका फेरीत जेवायला बसलो असता आमच्यातल्या एका ताईंनी बसल्या जागची ओंजळभर वाळू उचलून जेवणाच्या डब्याच्या झाकणात पसरली. त्या झाकणात निळ्या दोरीचे चार-पाच धागे निघाले, कान साफ करायच्या काडीची पांढरी नळी निघाली, दुधाच्या पिशवीचा कात्रीने कापलेला तिरका कोपरा निघाला, साबुदाण्यासारखे थर्माकोलचे मणी निघाले आणि मसुराएवढ्या, किंचित पिवळसर पडलेल्या दोन गोळ्या निघाल्या. तासाभरापूर्वी गोणी घेऊन आम्ही त्याच जागेवरून पुढे गेलो होतो. झाकण हातोहात फिरले आणि बराच वेळ कोणी काही बोलले नाही.

या अनुभवाला मोठ्या अभ्यासाचा आधार आहे, हे पुढे वाचनात आले. हिंदी महासागरातल्या ऑस्ट्रेलियाच्या कोकोस (कीलिंग) बेटांवर संशोधकांनी केलेल्या पाहणीचे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्या बेटांवर मिळून सुमारे ४१ कोटी ४० लाख वस्तू आणि तुकडे, म्हणजे जवळजवळ २३८ टन कचरा असावा, असा त्यांचा अंदाज होता. मला त्यातला पुढचा आकडा अधिक महत्त्वाचा वाटला. वर नजरेला पडणाऱ्या तुकड्यांच्या २६ पट तुकडे वाळूच्या वरच्या १० सेंटीमीटरच्या थरात पुरलेले होते. त्याआधी २०१७ मध्ये दक्षिण प्रशांत महासागरातल्या हेंडरसन या निर्मनुष्य बेटाबद्दलचा अभ्यास प्रसिद्ध झाला होता. जिथे माणूस राहत नाही, तिथल्या किनाऱ्यावर ३ कोटी ७७ लाख तुकडे आहेत, असा अंदाज त्यात मांडला होता. तिथेही निम्म्याहून जास्त तुकडे वाळूखाली होते. हे वाचल्यावर आमच्या गोण्यांचा हिशेब मला पुन्हा तपासावासा वाटला. हाताने उचलल्यावर कचऱ्याचे वजन कमी होते हे खरेच आहे, पण तुकड्यांची संख्या जवळपास आहे तशीच राहते, आणि पक्षी, मासे व कासवे खातात ते हेच तुकडे.

याचा अर्थ हाताने उचलणे कमी मोलाचे आहे असा मात्र नाही. सेशेल्समधल्या अल्डाब्रा प्रवाळबेटावर २०१९ मध्ये मोठी मोहीम झाली आणि पाच आठवड्यांत २५ टन कचरा काढण्यात आला. तरीही तिथे सुमारे ५१३ टन कचरा शिल्लक असावा आणि वजनाने त्यातला ८३ टक्के मासेमारीच्या साहित्याचा असावा, असे त्या मोहिमेवरच्या अभ्यासात म्हटले आहे. जाळी आणि दोर चाळणीत घालता येत नाहीत, ते कोयत्याने कापून ओढूनच काढावे लागतात. म्हणून या परीक्षणातली चाळण हे दुसऱ्या फेरीचे अवजार आहे, हे ध्यानात घेऊनच तिचे गुणदोष पाहावेत.

अवजार शोधताना आम्ही काय काय करून पाहिले तेही सांगतो, कारण तुम्हीही त्याच वाटेने जाल. बागेतला लोखंडी पंजा वाळू उकरतो, पण बारीक काही धरत नाही. स्वयंपाकघरातली पीठ चाळायची चाळणी दहा मिनिटांत वाळूने भरून हात दुखवते. गवंडी वाळू चाळायला जी तिरकी, उभी जाळी लावतात ती आम्ही एकदा होडीतून नेली. फावड्याने वाळू मारल्यावर प्लास्टिकचे हलके तुकडे जाळीला लागून उडत आणि वाऱ्याने थेट पाण्यात जात, म्हणजे किनाऱ्यावरचा कचरा आम्हीच समुद्राला परत देत होतो. मोठ्या शहरांच्या चौपाट्यांवर ट्रॅक्टरमागे ओढायची यंत्रे असतात, पण होडीतून उतरताना गुडघाभर पाण्यात सामान डोक्यावर घ्यावे लागते अशा बेटावर त्यांचा काही उपयोग नाही.

शेवटी आपल्याच गावाकडे वळलो. बेळगावची ओतशाळांची आणि यंत्रकामाची परंपरा इथल्या वाचकांना मी सांगायला नको. उद्यमबागेत लोखंडाचे काही करून हवे असेल तर ते करून देणारा माणूस चार गाळ्यांपलीकडे सापडतोच. ज्यांच्याकडे गेलो त्या मामांनी समुद्राचे काम कधी केलेले नव्हते, पण शेतकऱ्यांना शेंगा आणि धान्य चाळायच्या चाळण्या त्यांनी पुष्कळ करून दिल्या होत्या. त्यांनी आधी वाळू आणायला सांगितली. मी डबाभर वाळू नेली, तेव्हा ती तळहातावर चोळून ते म्हणाले, "सर, दोन मिलीची जाळी घालूया की. पण वाळू ओली असली तर बसून राहणार बघा, मग मला बोलायचं नाही." अवजाराची सगळी गुणवत्ता आणि त्याचा सर्वांत मोठा दोष त्यांनी त्या दिवशीच सांगून टाकला होता.

दोन मिलीमीटरचे माप अंदाजाने ठरलेले नाही. भूशास्त्रात दोन मिलीमीटरपेक्षा लहान कणाला वाळू म्हणतात, त्याहून मोठा तो खडा. म्हणजे या जाळीतून वाळू सगळी खाली जाते आणि वर राहते ते वाळू नसलेले. दुसरीकडे, प्लास्टिकच्या वस्तू बनवण्याचा कच्चा माल ज्या रूपात जगभर जहाजांनी जातो, तो दाणा साधारण दोन ते पाच मिलीमीटरचा असतो. ताईंच्या झाकणातल्या त्या दोन पिवळसर गोळ्या म्हणजे हाच दाणा. २०२१ मध्ये कोलंबोजवळ एक्स-प्रेस पर्ल हे जहाज जळाले तेव्हा श्रीलंकेच्या किनाऱ्यांवर या दाण्याचे थर साचले होते. २०२५ च्या मे महिन्यात एमएससी एल्सा ३ हे जहाज ६४० कंटेनरांसह कोचीजवळ बुडाले, आणि त्यानंतर केरळच्या दक्षिण किनाऱ्यावर गावोगावचे लोक वाळूतून हाच दाणा वेचताना आपण पाहिले. तिथे काम करणाऱ्यांच्या हातात साध्या चाळण्याच होत्या. जाळी पाच मिलीमीटरची घेतली असती तर काम दुपटीने वेगात झाले असते, पण नेमका हा दाणा वाळूबरोबर खाली निसटला असता.

आता घडण पाहू. दीड फूट बाय दोन फूट मापाची, चार इंच उंच काठाची चौकट आहे. तिच्यात दोन जाळ्या एकावर एक बसतात, वरची दहा मिलीमीटरची आणि खालची दोन मिलीमीटरची. वरची जाळी उचलून बाजूला काढता येते. ही चौकट चार साखळ्यांनी एका तिकाटण्यावर टांगलेली असते. तिकाटण्याचे पाय जीआय पाइपाचे असून दुमडून एकत्र बांधता येतात. एकाने फावड्याने वाळू घालायची आणि दुसऱ्याने दोन्ही हातांनी चौकट मागेपुढे झुलवायची, पाळण्यासारखी. वजन टांगणीवर असल्याने हाताला भार येत नाही, आणि या अवजाराची मला सर्वांत आवडलेली गोष्ट हीच. आमच्यात साठी उलटलेले तिघे आहेत. हातचाळणीने त्यांचे खांदे पंधरा मिनिटांत भरून येत, तर या चाळणीवर ते तासभर सहज उभे राहतात. खाली चौकटीच्या भोवती जुन्या साडीचा घेर बांधला की वाळू सरळ खाली पडते, वाऱ्याने डोळ्यांत जात नाही, आणि हलका कचरा चार इंची काठाच्या आतच राहतो. साडीची युक्ती मामांची नव्हे, आमच्यातल्या एका वहिनींची आहे. नवीन चाळण घेणाऱ्याने ती पहिल्या दिवसापासून वापरावी.

कोरड्या वाळूत तिचे काम उत्तम आहे. एक चौरस मीटर जागेतली पाच सेंटीमीटर जाडीची वाळू म्हणजे ५० लिटर, वजनाने ७५ ते ८० किलो. दोन सरावाची माणसे तेवढी वाळू पंधरा मिनिटांत चाळतात. जेवण, विश्रांती आणि जागा बदलणे धरून दिवसाला वीस चौरस मीटर होते, त्याहून जास्त आमच्याने कधी झाले नाही. हा आकडा ऐकून काहींचा उत्साह मावळतो. त्यांना मी इतकेच सांगतो की सगळा किनारा चाळायचाच नसतो. भरतीचे पाणी जिथपर्यंत येऊन थांबते तिथे काटक्या, शेवाळ आणि फेसाची एक रेषा उमटते, आणि बहुतेक बारीक प्लास्टिक त्याच पट्ट्यात साचते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाची रेषा सर्वांत वर असते आणि तिथली वाळू लवकर कोरडी होते. आम्ही तिथी पाहून जातो. उधाण ओसरल्यावर चार-पाच दिवसांनी गेले तर वरची रेषा कोरडी आणि अस्पर्श मिळते.

ओल्या वाळूत मात्र मामांचा शब्द अक्षरशः खरा ठरला. पहिल्या हंगामात नोव्हेंबरच्या सुरुवातीला आम्ही गेलो, आदल्या रात्री पाऊस झाला होता, आणि खालची जाळी पिठाच्या गोळ्याने लिंपल्यासारखी बंद झाली. ब्रश मारला, चौकट आपटली, तरी काही उपयोग झाला नाही. अर्धा दिवस फुकट गेला. त्या दिवशी एक उपाय सापडला, तो असा की फक्त वरची दहा मिलीमीटरची जाळी ठेवून मोठे तुकडे काढायचे, आणि खाली पडलेली ओली वाळू ताडपत्रीवर पातळ पसरून उन्हात सुकवायची. पण दिवसभराच्या फेरीत इतका वेळ मिळत नाही. ज्यांचा किनारा कायम ओलसर असतो, किंवा वाळूत चिखल मिसळलेला असतो, त्यांनी ही चाळण घेऊ नये असे मी स्पष्ट सांगेन.

चाळणीत उरलेल्या ऐवजात प्लास्टिक एकटे नसते. शिंपल्यांचा चुरा, सुरूची बोंडे, काटक्या, खडे असे सगळे त्यात येते. ते निवडत बसण्यापेक्षा समुद्राच्या पाण्याने भरलेल्या बादलीत ओतावे. पॉलिथीन आणि पॉलिप्रोपिलीन पाण्यापेक्षा हलके असल्याने पिशव्यांचे तुकडे, झाकणे, दोरीचे बरेचसे धागे आणि बहुतेक दाणा वर तरंगतो, तर शिंपले आणि खडे तळाशी बसतात. वरचा थर चहाच्या गाळणीने काढून घ्यायचा. पण बाटलीचे प्लास्टिक, पीव्हीसी आणि जाळ्यांचा नायलॉन पाण्यापेक्षा जड असल्याने शिंपल्यांबरोबर तळाला जातो, म्हणून तळाचा ऐवजही एकदा हाताने पाहावा लागतो. आमच्याबरोबर येणारी मुले हे काम फार मनापासून करतात. बादलीतल्या पाण्यावर रंगीत तुकड्यांची साय धरलेली पहिल्यांदा पाहिली तेव्हा नववीतल्या एका मुलीने विचारले, "काका, हे सगळं एवढ्याशा वाळूत होतं?" त्या बादलीत एका चौरस मीटरचाच ऐवज होता.

जिवंत प्राण्यांची काळजी हा चाळण वापरणाऱ्याच्या जबाबदारीचा भाग आहे, आणि तिच्याबरोबर त्याची लेखी सूचना मिळायला हवी असे माझे मत आहे. शंखात राहणारे लहान खेकडे वरच्या जाळीत हमखास येतात. प्रत्येक फावड्यानंतर थांबून त्यांना बाजूला सोडावे लागते, म्हणून झुलवणाऱ्याने घाई करू नये. या खेकड्यांसाठी तोंड वर करून पडलेली बाटली हा सापळा असतो, कारण आत शिरलेल्या खेकड्याला गुळगुळीत भिंत चढता येत नाही. तो मेला की त्याच्या वासाने, रिकामा शंख मिळेल म्हणून, दुसरे खेकडे आत येतात आणि तेही अडकतात. कोकोस आणि हेंडरसन या दोन ठिकाणी मिळून अशा रीतीने सुमारे ५ लाख ७० हजार खेकडे मेले असावेत, असा संशोधकांचा अंदाज आहे. म्हणून बेटावर उतरल्यावर आम्ही चाळण उभी करण्यापूर्वी सगळ्या बाटल्या आणि डबे उचलतो. देवबागच्या किनाऱ्यावर थंडीच्या महिन्यांत ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालायला येतात. हे कासव १९७२ च्या वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे, त्यामुळे त्या काळात वन खात्याच्या लोकांना विचारल्याशिवाय भरतीरेषेच्या वरच्या वाळूला फावडे लावू नये. शेवाळ आणि काटक्यांखालीही बारीक जिवांची वस्ती असते, म्हणून चाळून झाल्यावर ते सगळे जिथून उचलले तिथेच परत पसरावे.

आता तक्रारी. पहिल्या चाळणीच्या जाळ्या ३०४ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलच्या होत्या आणि त्या टिकल्या. फक्त हंगामाच्या शेवटी खालच्या जाळीवर बारीक तपकिरी ठिपके दिसू लागले. खाऱ्या पाण्यात ३१६ ग्रेड अधिक टिकतो, कारण त्यात मॉलिब्डेनम असते, पण त्याची जाळी महाग पडते आणि आमच्यासारख्यांना, जे महिन्यातून एकदा जातात आणि घरी आल्यावर गोड्या पाण्याने धुऊन ठेवतात, त्यांना ३०४ पुरते. खरी अडचण साखळ्यांच्या आकड्यांची झाली. ते साध्या लोखंडाचे होते. तिसऱ्या फेरीपर्यंत त्यांना गंजाचे पापुद्रे सुटले, आणि पाचव्या फेरीत एक आकडा तुटून वाळूने भरलेली चौकट एका सहकाऱ्याच्या पायावर आली. बूट होते म्हणून फक्त नखावर निभावले. दुसरी तक्रार चौकटीच्या आतल्या कडेची. पत्रा कापल्यावर तिथली धार ग्राइंडरने नीट मारलेली नव्हती आणि वरची जाळी काढताना माझ्यासह दोघांची बोटे कापली. खाऱ्या पाण्यात ती जखम चार दिवस चुरचुरत होती. तिसरी गोष्ट, तिकाटण्याचे पाय टोकाशी उघडे पाइप होते, ते मोकळ्या वाळूत रुतत आणि चाळण एका बाजूला कलत असे. आम्ही पायांखाली नारळाच्या करवंट्या उपड्या घालून वेळ मारून नेली.

मामांकडे परत गेल्यावर त्यांनी यातले काहीही नाकारले नाही, ही गोष्ट मुद्दाम नोंदवतो. तुटलेला आकडा हातात घेऊन त्यांनी तो दोन बोटांत चुरगाळून पाहिला आणि "हे चुकलं आमचं" एवढेच म्हणाले. आकडे आणि साखळ्या स्टेनलेसच्या घातल्या, कडा गोल करून दिल्या, पायांना तळहाताएवढ्या चकत्या वेल्ड केल्या, आणि यातल्या कशाचेच पैसे घेतले नाहीत. वेळेच्या बाबतीत मात्र मी त्यांना पूर्ण गुण देणार नाही. आठ दिवसांत देतो म्हटलेले काम पाच आठवड्यांनी मिळाले आणि त्या हंगामातल्या दोन फेऱ्या चाळणीविना गेल्या. ऊस गाळपाच्या दिवसांत साखर कारखान्यांची कामे आल्यावर लहान गिऱ्हाईक मागे पडते, हे बेळगावात राहणाऱ्याला समजण्यासारखे आहे. म्हणून मागणी पावसाळ्यातच नोंदवावी. तसेही जून ते सप्टेंबर होड्या बंद असतात.

किंमत पहिल्या चाळणीला ४,६०० रुपये पडली. सुधारित चाळणीला आता ५,४०० रुपये घेतात. एकूण वजन अकरा किलो आहे. जीपच्या टपावर किंवा एसटीच्या डिकीत सहज जाते, होडीत तिकाटणे आडवे ठेवता येते. दोन माणसांनी उतरवावे, कारण ओल्या दगडांवरून एकट्याने नेताना तोल जातो. आम्ही वर्गणी काढून घेतली, माणशी चारशेच्या आतच खर्च आला, आणि दोन वर्षांत जाळी बदलावी लागलेली नाही.

चाळण विकत घेण्याआधी ज्याचा विचार करायला हवा आणि ज्याबद्दल आम्ही स्वतः आधी काहीच ठरवले नव्हते, ते म्हणजे निघालेल्या बारीक कचऱ्याचे काय करायचे. बाटल्या भंगारवाला घेतो. अखंड जाळी कधी कधी मच्छीमारच पुन्हा वापरायला मागून नेतात. पण चाळणीतून निघालेला मिश्र चुरा, ज्यात दहा प्रकारचे प्लास्टिक, मीठ आणि वाळू एकत्र असते, तो कोणीही विकत घेत नाही आणि फुकटही नेत नाही. बेटावर तो जाळणे तर फारच वाईट, कारण वितळून दगडाला चिकटलेले प्लास्टिक नंतर छिन्नीनेही निघत नाही. असे काळे डाग आम्ही कुर्मगडच्या खडकांवर पाहिले आहेत. आम्ही तो चुरा सुकवून, बंद पोत्यांत भरून बेळगावला आणतो आणि सुक्या कचऱ्याच्या गाडीत देतो. तो वाटेत सांडू नये म्हणून पोत्याच्या आत दुसरे पोते घालतो, कारण थर्माकोलचे मणी शिवणीतूनही बाहेर पडतात. अणशी घाटात, जंगलाच्या मधोमध, गाडीच्या टपावरून पोते फाटून हा चुरा सांडला तर काय होईल, या विचाराने मी पहिल्या फेरीत सारखा मागे वळून पाहत होतो.

निघालेल्या तुकड्यांवरची अक्षरे वाचण्याचा छंद मला या कामात लागला. मिठाच्या, बिस्किटांच्या, गुटख्याच्या वेष्टनांवर कधी कन्नड अक्षरे दिसतात, कधी मराठी, कधी मल्याळम, तर कधी दूरदेशीची लिपी. कर्नाटकाने २०१६ मध्ये आणि महाराष्ट्राने २०१८ मध्ये प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आणली, आणि १ जुलै २०२२ पासून एकदा वापरून फेकायच्या अनेक वस्तूंवर देशभर बंदी आहे. त्या यादीत कान साफ करायच्या प्लास्टिकच्या काड्याही आहेत. तरीही आमच्या चाळणीत दर फेरीला सर्वांत आधी मोजल्या जाणाऱ्या वस्तूंत त्या काड्यांच्या नळ्या असतातच, काही जुन्या, पिवळ्या पडलेल्या, तर काही अजून कोऱ्या पांढऱ्या.

ज्यांना वर्षातून एकदा, एखाद्या दिनाच्या निमित्ताने किनाऱ्यावर जायचे आहे, त्यांनी ही चाळण घेऊ नये. त्या एका दिवसात गोण्या आणि हातमोजेच अधिक काम करतील. ज्यांनी एक ठरावीक किनारा धरला आहे, जे तिथे पुन्हा पुन्हा जातात आणि मोठा कचरा काढून झाल्यावर वाळू हातात घेऊन पाहतात, त्यांनी ती जरूर घ्यावी. कुर्मगडला जानेवारीच्या सुमारास नरसिंहाची जत्रा भरते, होड्यांनी हजारो भाविक बेटावर येतात, आणि जत्रेनंतरच्या आठवड्यात आमची एक फेरी ठरलेली असते. यंदाच्या त्या फेरीत आम्ही होडी लागते त्या जागेपासून देवळाच्या वाटेपर्यंतचा उधाणाचा पट्टा चाळला. मागच्या वर्षी नेमका तोच पट्टा चाळलेला होता, म्हणून मापे ताडून पाहता आली. बाटल्या आणि वेष्टने तितकीच निघाली. दाणा मात्र गेल्या वेळी अर्धा पेला निघाला होता, तो या वेळी चहाच्या चमच्याने दोन चमचे निघाला.

दुसऱ्या चाळणीची मागणी मी गेल्या आठवड्यात नोंदवली आहे. या वेळी चौकट तीन इंचांनी अरुंद करायला सांगितली आहे, म्हणजे वाळू भरल्यावर मुलांनाही ती झुलवता येईल. मामांनी खडूने फरशीवर नवे माप काढले, त्या नववीतल्या मुलीला शेजारी उभे करून तिच्या कोपराच्या उंचीवर रेघ मारली आणि तिकाटण्याची उंची तिथे धरली.